पाटीवरचा आकडा

एका जहाजाच्या एजंटचा फोन आला तेव्हा मी मिरकरवाड्यातल्या एका बर्फ कारखान्यात अमोनियाच्या वासात उभा होतो. परदेशी झेंड्याचं जहाज कोळसा घेऊन धक्क्याला लागलंय, जहाजावरची मीट रूम गार होत नाही, शनिवारी जहाज सुटणार, येता का? मी रत्नागिरीत एकोणीस वर्षं हे काम करतोय. बर्फ कारखाने, मासळीची कोल्ड स्टोरेज, हॉटेलांचे डीप फ्रीजर, सगळं हाताखालून गेलंय. जहाजावर मात्र पाऊल ठेवलं नव्हतं. म्हटलं, जहाजावरचा झाला तरी फ्रीज तो फ्रीजच. येतो म्हणालो.

"मग आधार, दोन फोटो, गाडीचे कागद आणि हत्यारांची यादी पाठवा. यादी नीट करा. पान्याला पाना लिहा, नगासकट."

हे "नगासकट" मी हसण्यावारी नेलं. रात्री जेवण झाल्यावर अंदाजाने यादी खरडली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिली. बंदराचं नाव लिहायचं कारण नाही. चूक माझी होती, आणि नियम सगळ्या बंदरांत थोड्याफार फरकाने तेच असतात.

बुधवारी सकाळी नऊला गेटवर पोचलो. लहानपणी या खाडीच्या तोंडाशी मी मामाबरोबर कालवं काढायला यायचो. त्या खडकांवर आता कुंपण आहे, त्यावर काटेरी तारांची वेटोळी, आणि दर थोड्या अंतरावर एक कॅमेरा. गेटच्या बाजूला पांढरी पाटी होती, तिच्यावर इंग्रजीत "मार्सेक लेव्हल" आणि खाली हुकाला टांगलेला पत्र्याचा आकडा: १. शाळेत फळ्यावर पटसंख्या लिहायचे तशातला प्रकार वाटला. तिच्याकडे बघून मी पुढे गेलो. त्या दिवशी तरी त्या आकड्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

पास सेक्शनमध्ये दोन तास गेले. एजंटचं विनंतीपत्र आलं होतं, पण त्यावर पीएफएसओची सही व्हायची होती. पीएफएसओ म्हणजे बंदराच्या त्या सगळ्या भागाचा सुरक्षा अधिकारी. सही आल्यावर एका खोलीत बसवून सुरक्षिततेची चित्रफीत दाखवली, मग पाच प्रश्न विचारले. क्रेनखालून जायचं का? नाही. सिगारेट ओढायची का? नाही. सगळ्या प्रश्नांचं उत्तर नाही असंच होतं, त्यामुळे पास झालो. हेल्मेट, चमकणारं जाकीट आणि सेफ्टी शूज चढवले. गळ्यात निळ्या पट्टीचा पास आला. निळा म्हणजे धक्का आणि माझं ते एक जहाज. कोळशाचा साठा, कन्व्हेयरची ट्रान्स्फर टॉवरं, वीज उपकेंद्र, कंट्रोल रूम हे निळ्यात बसत नाही. त्यांच्या पट्ट्या वेगळ्या.

मग हत्यारं. गेटवरचा शिपाई कणकवलीकडचा निघाला, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. त्याने माझी यादी हातात घेतली आणि पेटी जमिनीवर उलटी केली. यादीत "पाने - ५" लिहिलं होतं, पेटीतून निघाले नऊ. मग दोघांनी बसून नवी यादी केली. तीन प्रतीत, रिटर्नेबल गेटपासवर. एकतीस नग. त्यातला अकरावा नग म्हणजे बारा इंची अ‍ॅडजस्टेबल पाना, वडिलांच्या हातचा, दांड्यावर त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं. त्या पान्याबद्दल पुढे सांगतो.

शेवटी मोबाइल. आत न्यायला परवानगी होती, पण कॅमेऱ्याच्या भिंगांवर, पुढच्या आणि मागच्या, त्याने बंदराचं नाव छापलेली चिकटपट्टी लावली. "ही काढूची नाय," म्हणाला.

गाडी आत सोडत नव्हते, बंदराच्या व्हॅनने धक्क्यावर गेलो. बाहेरून बघताना बंदर एकसंध वाटतं. आत गेल्यावर लक्षात आलं की ते कांद्यासारखं आहे, पापुद्र्यावर पापुद्रा. बाहेरच्या गेटपासून वजनकाटा, कॅन्टीन, ऑफिसांपर्यंत बऱ्याच लोकांना जाता येतं. त्याच्या आत यार्ड. त्याच्या आत धक्का. धक्क्यावर जहाजाची शिडी, गँगवे म्हणतात तिला, आणि तिच्या वरच्या टोकाला एक खलाशी वही घेऊन उभा. तिथे बंदराची हद्द संपते आणि जहाजाची सुरू होते. त्याने माझं ओळखपत्र बघितलं, वहीत नाव, वेळ, कुणाकडे काम ते लिहिलं, आणि "व्हिजिटर" लिहिलेला बिल्ला छातीला लावला. तासाभरात मी तीन ठिकाणी तीन वह्यांत सही केली होती.

जहाजाच्या आतही दारोदार "रिस्ट्रिक्टेड एरिया" लिहिलेलं. ब्रिजवर आणि इंजिन रूममध्ये असणारच. पण एसीच्या आणि हवेच्या यंत्राच्या खोलीवर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या दारावरही तीच पाटी बघून मला नवल वाटलं. जहाजाच्या सेकंड इंजिनिअरने सांगितलं, जहाजावरची सगळी माणसं जी हवा घेतात आणि जे पाणी पितात ते या दोन दारांआड असतं. शहाण्याला इतकं पुरे. मला जायचं होतं ते रिफरचं, म्हणजे थंड खोल्यांचं, यंत्र याच बाजूला, म्हणून माझ्याबरोबर पूर्ण वेळ माणूस दिला: जहाजाचा फिटर.

फिटर दाभोळचा! आठ महिने जहाजावर, आणि आता जहाज लागलं ते घरापासून रस्त्याने तीन तासांच्या अंतरावर. मराठी कानावर पडल्यावर त्याने मला सोडलंच नाही. पाइप पुसता पुसता गावाकडची सुपारी, खाडीवरची फेरीबोट, मुलीची शाळा, सगळं सांगून टाकलं.

दुखणं सोपं होतं. मीट रूम उणे अठराला हवी, ती उणे सहावर आली होती. भाजीची खोली ठीक होती. गॅस कमी झालेला, आणि साबणाच्या फेसाने गळती दाखवली ती एका सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या अंगातून. पाच सुताचा पाइप, व्हॉल्व्ह ब्रेझिंगने, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून, जोडलेला. नवा व्हॉल्व्ह हवा. मॉडेल नंबरची पट्टी व्हॉल्व्हच्या मागल्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून. डोकं आत जाईना, आरसा धरला तर आकडे उलटे.

फिटर चहा आणायला गेला होता. मी खिशातला मोबाइल काढला, मागच्या भिंगावरची पट्टी नखाने हलकेच उचलली, हात आत घालून दोन फोटो काढले आणि पट्टी परत दाबून बसवली. पापाचा विचारही मनात आला नाही. दुकानात दिवसाला दहा फोटो काढतो आम्ही.

संध्याकाळी गेटवर कणकवलीकराने मोबाइल हातात घेतला, उजेडात तिरपा धरला आणि म्हणाला, "ही पट्टी कोणी उचकटल्यान?"

खोटं बोलायला जीभ रेटली नाही. फोटो दाखवले. त्याने ते बघितलेसुद्धा नाहीत, वॉकीटॉकीवर कुणाला तरी बोलावलं. मला ऑफिसात नेलं. तिथे पाऊण तास एका खुर्चीवर, समोर भिंतीवरचं घड्याळ आणि अग्निशमनाचा तक्ता. पोलिसात देतात की काय, असं मनात येऊन गेलं. एजंटला फोन करायचा तर मोबाइल त्यांच्याकडे.

पीएफएसओ साताऱ्याकडचे, नौदलातून निवृत्त झालेले. आवाज चढवला नाही, त्याने जास्त लाज वाटली. फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. "व्हॉल्व्ह मला दिसतोय. व्हॉल्व्हच्या मागे काय दिसतंय ते तुम्ही सांगा."

मी बघितलं. मागे उघडं दार, दारातून जिन्याचा कोपरा, आणि जिन्याच्या भिंतीवर जहाजाचा मजल्यांचा नकाशा. आग लागली तर बाहेर कसं पडायचं ते दाखवणारा. अगदी वाचता येत होता.

"तुम्ही फोटो व्हॉल्व्हचा काढलात. दुकानदाराला पाठवलात, दुकानदाराने ग्रुपवर टाकला, संपलं. तो कुठे जाईल ते तुमच्या हातात नाही, आमच्याही नाही," ते म्हणाले. मग एक वाक्य बोलले ते टोचलं: "सेकंड इंजिनिअरला सांगितलं असतंत तर त्याने जहाजाच्या कॅमेऱ्याने काढून एजंटला ईमेल केला असता. दहा मिनिटांचं काम. विचारायचंच राहिलं ना?"

राहिलंच होतं. मी लेखी माफीनामा दिला, फोटो माझ्यासमोर पुसले गेले, मोबाइलमधला कचऱ्याचा डबाही रिकामा केला. पास काढून घेतला. दुसरा मेकॅनिक शनिवारपर्यंत मिळणार नाही, असं एजंटने कळवल्यावर "उद्या बघू" एवढ्यावर सुटलो. फोटो शेवटी सेकंड इंजिनिअरनेच पाठवला, आणि रात्री मुंबईच्या दुकानदाराने सांगितलं की ब्रेझिंगचा व्हॉल्व्ह शिलकीत नाही, त्याच मापाचा फ्लेअर नटवाला आहे. मी कुरकुरलो. चालत्या जहाजाच्या थरथरीत फ्लेअरपेक्षा ब्रेझिंगचा सांधा मला केव्हाही बरा वाटतो. पण पर्याय नव्हता, म्हटलं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने टाका.

गुरुवार व्हॉल्व्हची वाट बघण्यात गेला. पार्सलची गाडी वाटेत बंद पडली. त्यातलं सांगण्यासारखं काही नाही.

शुक्रवारी सकाळी गेटवर पोचलो तर ट्रकांची रांग थेट चहाच्या टपरीपर्यंत आलेली. पाटीकडे बघितलं. हुकाला २ टांगला होता.

कणकवलीकर मला बघून हसला नाही. "आज आकडो बदललो हा. कायव इचारू नको, लायनीत ऱ्हव."

टपरीवर अर्थात सगळ्यांना सगळं माहीत होतं. एक म्हणे सागर कवच चालू असेल, नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस मिळून किनाऱ्यावर करतात तो सराव. दुसरा म्हणे कुठे तरी बेवारस होडी सापडली. तसं म्हणायला आधारही आहे. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली आणि तिच्यात रायफली सापडल्या. ती ओमानच्या बाजूला माणसांनी सोडून दिलेली बोट वाहत आली होती हे नंतर कळलं, पण पहिल्या दिवशी साऱ्या किनाऱ्याची झोप उडाली होती. आणि आमच्या कोकणाला तसं घाबरायचा हक्क आहे. 1993 मध्ये स्फोटकं उतरली ती शेखाडीला आणि दिघीला, श्रीवर्धनच्या बाजूला, आमच्यासारख्याच नारळी-पोफळीच्या गावांत. 2008 ला माणसं समुद्रातून थेट मुंबईत चढली, मासेमारीची बोट पळवून. त्यानंतर माझ्या मच्छीमार मामाच्या गळ्यातही कार्ड आलं, बायोमेट्रिकवालं. सत्तरी ओलांडलेला माणूस, ह्याच खाडीत जन्म गेला, त्याने पहिल्यांदा ते कार्ड बघून विचारलं होतं, "आता बांगड्यांना दाखवायचं काय हे?"

खरं कारण कुणालाच कळलं नाही. मलाही आजतागायत माहीत नाही. मी पीएफएसओ साहेबांना पुढे विचारलं, ड्रिल आहे का? बंदरात दर तीन महिन्यांनी एक तरी ड्रिल करावीच लागते, हे ऐकून होतो. म्हणाले, "ड्रिल असती तर तुम्हाला आधी आत सोडलं असतं आणि मग पकडलं असतं."

आकडा बंदर आपल्या मनाने बदलत नाही. तो सरकारकडून येतो, आपल्याकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडून. पाटीवरचा "मार्सेक", म्हणजे सागरी सुरक्षा, हा शब्द मूळ अमेरिकन तटरक्षक दलाचा, बंदरातल्या लोकांच्या तोंडी रुळलाय इतकंच. नियम मात्र साऱ्या जगाचे एक. अमेरिकेतल्या 2001 च्या हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर 2002 मध्ये लंडनच्या परिषदेत ते केले आणि 1 जुलै 2004 पासून लागू झाले, त्यांना आयएसपीएस म्हणतात. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या पाचशे टनांवरच्या मालवाहू जहाजाला, तसंच प्रवासी जहाजाला, आणि अशी जहाजं जिथे लागतात त्या बंदराला ते बंधनकारक आहेत. एक म्हणजे रोजचा बंदोबस्त, कायमचा. दोन म्हणजे धोका वाढलाय, काही काळापुरती जादा काळजी. तीन म्हणजे घटना घडण्याच्या बेतात आहे किंवा घडलीच. तेव्हा सरकार सांगेल तसं, काम बंद, माणसं बाहेर, वेळ पडली तर जहाज धक्क्यावरून बाहेर. तीन मी बघितला नाही, बघायची हौसही नाही.

तशी कोकणच्या समुद्राला परवान्याची सवय जुनीच. पोर्तुगीज आपला कार्ताझ घ्यायला लावत, आणि कान्होजी आंग्र्यांचं दस्तक नसलेलं गलबत ह्या किनाऱ्यावरून सुखासुखी पुढे जात नसे. फरक इतकाच की दस्तक एकदा दाखवून भागत असावं. मी माझा पास त्या दिवशी सहा वेळा दाखवला.

कारण दोन लागल्यावर बदललं ते हेच. नवी भिंत उभी राहिली नाही, तोफा आल्या नाहीत. बुधवारी जे पाचातल्या एकाला विचारत होते ते शुक्रवारी पाचही जणांना विचारत होते. तीन गेटांपैकी दोन बंद. ट्रकांच्या खाली आरसा बुधवारीही फिरत होता, पण अधूनमधून. आता प्रत्येकाखाली, आणि केबिनमधली गादीसुद्धा उचलून. कॅन्टीनला भाजी घेऊन येणाऱ्या टेम्पोतली पोती उघडून बघत होते. एका दिवसाचे पास सगळे रद्द. माझ्यासाठी एजंटला नव्याने पत्र द्यावं लागलं, आणि बुधवारचा माफीनामा त्या पत्राला टाचणीने लावलेला मला दिसला. मोबाइल आज लॉकरमध्येच.

साडेअकराला माझी पाळी आली तेव्हा खरी अडचण समोर आली. गाडीत काळा ऑक्सिजनचा सिलिंडर, मरून रंगाचा अ‍ॅसिटिलीनचा, एक नायट्रोजनचा आणि एक छोटा 404 चा, म्हणजे फ्रीजमध्ये भरायच्या गॅसचा. बुधवारी आगीच्या कामाचा, म्हणजे हॉट वर्कचा, परवाना तत्त्वतः कबूल झाला होता. आज तो रद्द. अ‍ॅसिटिलीन गेटच्या आत येणार नाही, विषय संपला. कोळशाचं जहाज, त्यात लेव्हल दोन. मला त्यांचं पटत होतं आणि रागही येत होता.

आणि मग मला खोक्यातला तो फ्लेअरवाला व्हॉल्व्ह आठवला. ज्याच्या नावाने रात्रभर बोटं मोडली तो! त्याला ज्योत लागतच नाही. पाइप कापा, तोंड फुलवा, नट आवळा. मी साहेबांपुढे फ्लेअरिंग टूल ठेवून प्रात्यक्षिक दाखवलं, तांब्याच्या तुकड्याचं तोंड कसं फुलतं ते. त्यांनी ते हातात घेऊन बघितलं, नौदलातल्या माणसाला ते नवं नव्हतं. म्हणाले, "404 पेटत नाही, नायट्रोजन पेटत नाही. दोन्ही न्या. वजन लिहा, बाहेर येताना पुन्हा वजन करू." यादी एकतीसवरून तेहतीसवर गेली. प्रत्येक नगासमोर टिक.

धक्क्यावर गेलो तर शिडी वर ओढलेली. बंदराबरोबर जहाजालाही दोनवर यावं लागतं. जहाजाचा स्तर बंदराच्या वर असला तर चालतो, खाली असून चालत नाही. शिडीशी एकाऐवजी दोन खलाशी, समुद्राच्या अंगाला कठड्यावरून खाली वाकून बघत फिरणारा तिसरा. पाण्यात बंदराची गस्तीची बोट फेऱ्या मारत होती आणि लांबवर दोन मच्छीमार बोटींना हात करून मागे वळवत होती. मामा त्यांत नसावा अशी मी मनात प्रार्थना केली. कारण तो वळला असता, पण ऐकवल्याशिवाय नाही.

बरोबर आलेल्या शिपायाने वॉकीटॉकीवर बोलून शिडी खाली घ्यायला लावली. वर चीफ ऑफिसर आणि बंदराचा एक माणूस एका कागदावर सह्या करत होते. कोणी काय सांभाळायचं, शिडी कोणाची, पाण्याची बाजू कोणाची, निरोप कोणत्या चॅनेलवर, ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. डिक्लेरेशन ऑफ सिक्युरिटी. भाऊबंदकीत वाटणीपत्र करतात तसं वाटलं मला. गोडी असतानाच लिहून घेतलेलं बरं.

काम चार तासांत झालं. जुना व्हॉल्व्ह कापला, नवा बसवला, नायट्रोजन भरून दाब धरतो का बघितलं, व्हॅक्यूम केला, गॅस सोडला. कुकने मांस आधीच मासळीच्या खोलीत कोंबलं होतं आणि दर अर्ध्या तासाने दारात येऊन काटा बघून जात होता. साडेपाचला उणे अकरा आलं तेव्हा त्याने मला चिकनचा भलामोठा तुकडा आणि भात खायला घातला.

फिटर दिवसभर गप्प होता. जेवताना बोलला. बायको आणि मुलगी सकाळपासून गेटबाहेर होत्या. त्याचा किनाऱ्यावर उतरायचा कागद इमिग्रेशनकडून झाला होता, पण आज कुणाला सोडायचं, कसं सोडायचं, याचा निर्णय होत नव्हता. लेव्हल दोन म्हणजे खलाशांना उतरूच द्यायचं नाही, असं नियमात नाही. उलट खलाशाचा किनाऱ्यावर जाण्याचा हक्क त्या नियमावलीने प्रस्तावनेतच मानलाय, हे त्याला पाठ होतं. पण नियम पाठ असून व्हॅन येत नाही.

मग त्याने खिशातून एक छोटी पुडी काढली. मुलीसाठी हातातलं घड्याळ आणि बायकोसाठी अत्तराची बाटली. "भाऊ, तुम्ही आता बाहेर जाणारच. गेटवर त्या दोघी आहेत. लाल ओढणी. मला सोडलं नाही तर निदान एवढं तरी..."

दोन दिवसांपूर्वीचा मी असतो तर पुडी खिशात टाकली असती. माणूस आपल्यातला, वस्तू हातात मावेल एवढी. पण परदेशी जहाजावरून वस्तू खाली आली की कस्टमचा प्रश्न येतो, आणि माझ्या गेटपासवर तेहतीस नग होते, चौतिसावा नव्हता. मी नाही म्हणालो. त्याने पुडी परत खिशात ठेवली आणि "बरोबर आहे" म्हणाला. त्याचं ते "बरोबर आहे" मला अजून ऐकू येतं. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

खाली उतरल्यावर मी शिपायाला सांगितलं, गेटवर सांगितलं, आणि साहेबांच्या दारातही डोकावलो. वस्तूबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त म्हणालो की सकाळपासून एक बाई लेकराला घेऊन बाहेर उन्हात बसलीय, ते आपल्या यादीत आहे का. ते म्हणाले, आहे. आणि खरंच होतं. सात वाजता बंदराची व्हॅन जहाजाशी जाऊन चार जणांना घेऊन आली. यार्डातून पायी चालायला बंदी, म्हणून व्हॅन. हे मी डोळ्यांनी बघितलं, कारण मी अजून गेटवरच अडकलो होतो.

तेहतीसपैकी बत्तीसच नग भरत होते.

पेटी तीनदा उलटी केली. नग अकरा, बारा इंची पाना, नाही. आठवलं: शेवटचा नट आवळून कंप्रेसरच्या चौकटीवर ठेवला होता. बुधवारी असं झालं असतं तर शिपाई म्हणाला असता, उद्या येऊन न्या. आज तसं होईना. जहाजात राहून गेलेली बाहेरच्या माणसाची वस्तू म्हणजे शोधायलाच हवी. वॉकीटॉकीवरून जहाजाला कळवलं. मी खुर्चीवर. परत ते घड्याळ आणि तो अग्निशमनाचा तक्ता.

फिटर व्हॅनमधून उतरला तेव्हा त्याच्या हातात माझा पाना होता. वर चीफ ऑफिसरची चिठ्ठी गुंडाळलेली, शिक्क्यासकट. त्याने तो कणकवलीकराच्या टेबलावर ठेवला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि फाटकाबाहेर पळत सुटला. लाल ओढणी फाटकाच्या अगदी जवळ आली होती. मुलगी आधी त्याला ओळखेना, आईच्या मागे लपली.

मला वाटलं, आता पाना घेऊन निघावं. पण तो जहाजावरून चिठ्ठीनिशी आला होता, माझ्या गेटपासातून आला नव्हता. दोन कागदांचा मेळ घालायचा तर पास सेक्शन उघडा हवा, आणि तो सहाला बंद झाला होता. नग अकरासमोर "जमा, गेट" असा शेरा पडला. मी बत्तीस नग घेऊन घरी आलो. जहाज शनिवारी भरतीला सुटलं.

आठवड्याभराने कणकवलीकराचा फोन आला. "एक लागलो परत. तुमचो पानो हंयसर आसा, येवन घेवन जावा."

"लगेच येतो," मी म्हणालो.

"येताना एजंटाचा पत्र हाडा."

एजंट म्हणतो, बिल पास झालं की पत्र देतो. बिलाला दोन महिने झाले.